तंबोरा हलतो तेव्हा: माळ्यावरून काढलेल्या रेकॉर्ड प्लेअरचा वेग कसा तपासायचा

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, पंधरा-वीस दिवसांवर आली की गोव्यात फोंड्यातल्या माझ्या घरी रेकॉर्ड प्लेअर येऊ लागतात. घरोघरी साफसफाई निघालेली असते, माळ्यावरचं सामान खाली उतरतं आणि त्यात आजोबांचा पेटीतला रेकॉर्ड प्लेअर किंवा अख्खा रेडिओग्राम (रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकत्र असलेलं कपाट) सापडतो. कोणीतरी हौसेनं प्लग लावून नाट्यगीताची तबकडी चढवतं. थाळी फिरते, आवाजही येतो, पण सूर जागेवर उभा राहत नाही. मग फोन येतो आणि पहिलं वाक्य जवळजवळ दर वेळी एकच असतं: "सुई गेलीय बहुतेक, कुठली मागवू?"

काही मागवू नका. सुई झिजली तर आवाज फाटतो, खरखरतो, वरच्या सुरांवर किरकिरतो. गाणं खाली-वर होतं ते वेग हलतो म्हणून. पावसाळाभर दमट हवेत पडून राहिलेल्या डेकचा वेग का हलतो, याचं उत्तर मला बहुतेक वेळा दोनच गोष्टींत मिळालं आहे: एक रबरी चाक आणि वाळून गोंद झालेलं ग्रीस.

मी लिहितोय ते मुख्यतः १९५० ते १९७५ च्या आसपासच्या गॅरार्ड, बीएसआर, ड्युअल, लेन्को अशा आयडलरवाल्या डेकबद्दल. रचना एकदा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे पुढचं सोपं जाईल. थाळी उचलली की एका बाजूला मोटरचा दांडा वर आलेला दिसतो. त्यावर पायऱ्या-पायऱ्यांची पुली असते. सगळ्यात जाड पायरी ७८ ची, मग ४५, मग ३३, आणि काहींवर सगळ्यात बारीक १६ ची. ही पुली आणि थाळीची आतली कड यांच्यामध्ये एक रबरी चाक दाबून धरलेलं असतं. तोच आयडलर. मोटर चाकाला फिरवते, चाक थाळीला. ना दात, ना साखळी. सगळा कारभार रबराच्या पकडीवर चालतो. लेन्कोत पुलीऐवजी निमुळता दांडा असतो आणि चाक थाळीला खालून लागतं, पण तत्त्व तेच.

त्या १६ च्या पायरीबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मिनिटाला १६ २/३ फेऱ्यांची तबकडी मी आपल्याकडे कोणाच्याच घरात पाहिलेली नाही. पण १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी गेली, ती याच वेगासाठी कापलेली आहे, आणि तिच्यावर आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. केसरबाई ज्या वेगावर सूर्यमालेबाहेर निघाल्या, तो वेग तुमच्या माळ्यावरच्या डेकच्या कळीवर असू शकतो.

लक्षणं

वेगाचा दोष गायकाच्या आवाजात शोधू नका. मींड, आंदोलन, गमक यांत तो लपून जातो. चांगल्या कानाच्या माणसालाही वाटतं, गायकी तशीच असेल. तंबोरा ऐका. खयालाच्या एलपीवर सुरुवातीला तंबोऱ्याचे काही क्षण मिळतात, नाहीतर पेटीवर (हार्मोनियमवर) लांब धरलेला सूर घ्या. तंबोरा हलत असेल तर यंत्रच हलतंय.

मग तो कसा हलतो ते बघा. ३३ १/३ च्या वेगाला एक फेरी १.८ सेकंदांत होते. सूर साधारण तेवढ्या वेळात एकदा खाली जाऊन वर येत असेल, पाळण्याच्या झोक्यासारखा, तर दोष तबकडीत किंवा थाळीत आहे. सेकंदाला तीनेकदा धप-धप-धप असा ठोका पडत असेल, तर ते आयडलरचं चाक आहे, कारण थाळीच्या एका फेरीत ते पाच-सहा वेळा फिरतं. सूर कापरा, घाईनं थरथरता असेल तर मोटरच्या दांड्याकडे संशय जातो.

काही तक्रारींत झोका नसतोच. गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखंच उतरलेलं असतं. किंवा सुरुवातीला ओढल्यासारखं वाजतं आणि पंधरा-वीस मिनिटांनी सुधारतं. किंवा मोकळी थाळी नीट फिरते, सुई टेकवली की मंदावते. किंवा ३३ ठीक आहे, पण ७८ वर यंत्राला दम पुरत नाही. यातली प्रत्येक तक्रार वेगळ्या जागेकडे बोट दाखवते. म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी ती कागदावर लिहून ठेवा.

दुसरी तबकडी लावा

ही तपासणी फुकटची आहे आणि नेमकी हीच लोक गाळतात. निदान तीन तबकड्या लावून बघा. तबकडीचं भोक मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकलेलं असलं तरी लांब सूर झोके घेतो, आणि तबकडीच्या आतल्या भागात जास्तच, कारण तिथे वर्तुळ लहान होतं. तबकडी वाजत असताना समोर बसून सुईच्या हाताकडे बघा. दर फेरीला हात डावी-उजवीकडे डोलत असेल तर भोक सरकलंय. वर-खाली होत असेल तर तबकडी वाकलीय. म्हापशाच्या एका घरी मी हत्यारांची पेटी घेऊन गेलो आणि ती न उघडताच परत आलो. दोष एकाच तबकडीत होता, आणि त्या घरात रोज वाजायची तीच एक.

थाळीवरचं रबराचं किंवा फेल्टचं आच्छादन जागेवर आहे ना, तेही बघा. ते हरवलं असेल तर तबकडी थाळीवर घसरते आणि तुम्ही उगाच मोटरला दोष देता.

तीन मिनिटं, शंभर फेऱ्या

माझी सगळ्यात आवडती चाचणी हीच आहे, आणि तिला एक कागदाचा कपटा आणि घड्याळ एवढंच लागतं. कपटा थाळीच्या कडेला चिकटवा, मोबाइलवर तीन मिनिटं लावा आणि फेऱ्या मोजा. ३३ १/३ गुणिले तीन म्हणजे बरोबर १००. त्यामुळे जितक्या फेऱ्या कमी भरतील तितके टक्के वेग कमी, वेगळी आकडेमोड लागत नाही. ४५ वर १३५ फेऱ्या व्हायला हव्यात. ७८ वर डोळा थकतो, तिथे एकच मिनिट मोजा.

एक-दोन टक्क्यांचा स्थिर फरक बहुतेकांना जाणवत नाही. पण सहाएक फेऱ्या कमी भरल्या की गाणं अर्ध्या सुरानं उतरतं. काळी दोनमधलं गाणं पांढरी दोनमध्ये येऊन बसतं. पेटीवाल्या माणसाला हे लगेच कळतं. मात्र पेटी लावून तबकडीवरून वेग ठरवायला जाऊ नका. फार जुन्या ७८ च्या तबकड्या नेमक्या ७८ वरच कापलेल्या असतील असं नाही. यंत्राचा वेग घड्याळावरच तपासायचा.

ही मोजणी तीनदा करायची: सुई वर ठेवून, सुई तबकडीवर ठेवून, आणि वीस मिनिटं यंत्र चाललं की पुन्हा. सुई टेकवल्यावर एकाहून जास्त फेऱ्या कमी झाल्या तर कुठेतरी पकड सुटतेय. जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजचा (सुई जिच्यात बसते ती डबी) हात पाच-सहा ग्रॅमनं दाबतो, त्यामुळे ढिलं यंत्र तिथे लगेच उघडं पडतं. दोन्ही वेळा सारख्याच कमी फेऱ्या भरल्या तर वीज, पुली किंवा मोटर. वीस मिनिटांनी आकडा वाढला तर वाळलेलं तेल-ग्रीस. ७८ वर दम जातो आणि ३३ ठीक राहतो तेव्हा मोटरची ताकद किंवा रबराची पकड कमी पडतेय. उलट ७८ ठीक आणि ३३ च बिघडलेला असेल, तर चाकाची उंची चुकून ते पुलीच्या शेजारच्या पायरीला घासतंय का ते बघा.

रेघांची कागदी स्ट्रोब चकती असेल तर उत्तमच: थाळीवर ठेवायची, वेग बरोबर असला की दिव्याखाली रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ३३ साठी तिला १८० रेघा लागतात. फक्त ती आजकालच्या एलईडी दिव्याखाली धरू नका, त्यातले बरेच दिवे लुकलुकतच नाहीत. जुना चोकवाला ट्यूबलाइट किंवा निऑन दिवा हवा.

विजेकडे बघा

घरात इन्व्हर्टर असेल आणि रेकॉर्ड प्लेअर त्याच्या लाइनवर असेल, तर आधी तो तिथून काढा. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहरीची वीज देतात. तिच्यावर जुनी मोटर घुमते, तापते, आणि बिचारीचा काही दोष नसताना बदनाम होते. साध्या इंडक्शन मोटरीचे डेक संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की मंद होतात, म्हणून मोजणी दुपारीही एकदा करा.

आता गोव्यातली खास भानगड. आपल्याकडची कितीतरी यंत्रं बोटीवर काम करणाऱ्यांनी किंवा आखातात असलेल्यांनी आणलेली आहेत. कुवेत, दुबईची वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झची, पण सौदीची आणि अमेरिकेची ६० ची. जुन्या एसी मोटरचा वेग विजेच्या हर्ट्झवर बांधलेला असतो. त्यामुळे ६० चं यंत्र आपल्याकडे सहाला पाच या हिशोबानं मंद फिरतं. तीन मिनिटांत ८३ फेऱ्या भरल्या की मी आणखी काही तपासत नाही, यंत्राच्या मागची व्होल्टेज-हर्ट्झची पट्टी वाचतो. काळी चारमधलं गाणं पांढरी चारच्याही किंचित खाली गेलेलं असतं. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून हे सुटत नाही, कारण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. उपाय म्हणजे ५० हर्ट्झची, सहाला पाच या प्रमाणात जाड असलेली पुली. काही कंपन्या दोन्ही पुली बनवत असत. मागच्या बाजूला व्होल्टेज निवडायची कळ किंवा खुंटी असेल तर ती २२० किंवा २४० वर आहे याची खात्री प्लग लावण्यापूर्वी करा. ११० वर राहिलेली मोटर आपल्या विजेवर जळते.

थाळी काढा, पुसा

इथून पुढे प्लग भिंतीतून बाहेर. नुसतं बटण बंद केलेलं चालणार नाही.

चेंजर प्रकारच्या, म्हणजे एकामागून एक तबकड्या आपोआप लावणाऱ्या, डेकवर थाळी एका क्लिपनं अडकवलेली असते. ती क्लिप उडते आणि कपाटाखाली जाते, म्हणून वर फडकं धरून काढा. खाली वॉशर, बारीक गोळ्यांची कडी आणि पुन्हा वॉशर अशी रचना असू शकते. उचलण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, क्रम चुकला तर थाळी घरघरते. साध्या हातानं चालवायच्या डेकवर थाळी सरळ वर येते. मधल्या दांड्याच्या खळग्यात तळाशी एकच पोलादी गोळी असते, ती दांड्याला चिकटून वर येऊन कुठेतरी पडू शकते. ती जपा.

आता आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड घेऊन तीन जागा पुसा: पुलीच्या सगळ्या पायऱ्या, थाळीची आतली कड आणि आयडलरची धार. कापड काळं येईल. ते येईनासं होईपर्यंत पुसत राहा. तेलाचा एक थेंब तिथे उडाला असेल तरी चाक घसरतं, आणि आपल्या हवेत त्या थेंबावर धूळ आणि बुरशी बसून लुकण होतं. पुलीला कधीही पॉलिश पेपर लावू नका. ती घासून बारीक झाली तर वेग कायमचा बिघडला. आणि हेच अल्कोहोल ७८ च्या जुन्या तबकडीला लावू नका. त्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.

या एका पुसण्यानं निम्मी यंत्रं माझ्या टेबलावरून परत गेली आहेत.

रबरी चाक, आणि लाइट गेल्यावर काय होतं

या यंत्रांच्या रचनेतला एक मूळ दोष इथे आहे, तो नीट सांगतो. डेक त्याच्या स्वतःच्या कळीनं बंद केला की आतला एक दांडा आयडलरला पुलीपासून दूर ओढतो. रबर मोकळं राहतं. बनवणाऱ्यांनी धरून चाललं होतं की माणूस नेहमी कळीनंच बंद करणार. आपल्याकडे तसं होत नाही. गाणं चालू असताना पावसात लाइट जाते. मोटर थांबते, पण कळ 'चालू'वरच राहते. माणूस मेणबत्ती शोधतो, जेवतो, झोपतो. किंवा भिंतीवरचं बटण बंद करायची सवय असते. चाक मात्र पुली आणि थाळीच्या कडेमध्ये चेपलेलंच राहतं. एका रात्रीत रबर सावरतं. तसंच माळ्यावर चढवलं आणि वर्षं गेली, की पुलीच्या आकाराचा खड्डा चाकाच्या धारेत कायमचा बसतो. मग प्रत्येक फेरीला तो खड्डा पुलीवरून जातो आणि तुम्हाला धप-धप ऐकू येतं.

काही डेकवर वेगाच्या कळीला दोन आकड्यांच्या मध्ये एक रिकामी जागा असते. ती याच कारणासाठी दिलेली आहे. यंत्र ठेवून देताना कळ तिथे ठेवा.

चाक काढून त्याच्या धारेवरून नख फिरवा. खड्डा नखाला लागतो. तो हलका असेल तर चाक काढून आठवडाभर मोकळं ठेवा. चांगल्या रबराचा खड्डा पुष्कळदा भरून येतो. धार काचेसारखी चकचकीत आणि कडक झाली असेल तर ६०० नंबरचा पॉलिश पेपर बोटानं हलका फिरवून ती मंद करा, मग अल्कोहोलनं पुसा. याहून जास्त हातानं घासू नका. हातानं घासलेलं चाक कधीच गोल राहत नाही आणि एका खड्ड्याचे तीन होतात. खोल खड्डा, तडे किंवा दगडासारखं झालेलं रबर असेल तर चाकावर नवं रबर चढवून ते लेथवर गोल करून घ्यावं लागतं. छापखान्याच्या रोलरला रबर चढवणारे कारागीर हे करू शकतात. चाक त्यांच्या हातात देताना रबर मऊ हवं हे सांगा, नाहीतर ते रोलरचं कडक रबर चढवतात आणि मोटरची घरघर स्पीकरमधून ऐकू येते.

इथे एक भीती काढून टाकतो. नवं रबर चढवलेलं चाक मूळ मापापेक्षा एखादा मिलिमीटर लहान-मोठं झालं तर वेग बदलेल, असं जवळपास सगळ्यांना वाटतं. बदलत नाही. चाक मध्ये फक्त निरोप पोचवतं: पुलीची धार ज्या गतीनं सरकते त्याच गतीनं चाकाची धार सरकते आणि त्याच गतीनं थाळीची कड. वेग ठरतो पुलीच्या आणि थाळीच्या मापावरून. चाक गोल आणि पकड धरणारं असलं, की माप जरा इकडे-तिकडे चालतं.

चाकाच्या मधल्या खिळीला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, टाचणीच्या टोकावरून. रबरावर उडाला तर पुन्हा पुसायला बसा.

गोंद झालेलं ग्रीस

आयडलर एका सरकत्या पट्टीवर बसलेला असतो आणि एक नाजूक स्प्रिंग त्याला ओढून धरते. बोटानं ती पट्टी मागे ढकलून सोडा. ती चटकन परत यायला हवी. झोपेतून उठल्यासारखी आली तर सांध्यातलं ग्रीस वाळलंय. स्प्रिंग छाटून किंवा ताणून घट्ट करण्याचा मोह होतो. कृपा करून तसं करू नका. दाब वाढला की मोटरची थरथर थाळीत उतरते आणि नवा खड्डा लवकर पडतो. जुनं ग्रीस अल्कोहोलनं धुऊन काढा, धातू कोरडा करा, मग पातळ नवं ग्रीस अगदी थोडं लावा.

तेलाबद्दल हात जोडून एक विनंती: खोबरेल नको. गोव्यात बिजागरीपासून पंख्यापर्यंत सगळ्याला खोबरेल लावलं जातं, आणि ते इथे भोवतं. डिचोलीहून एक डेक आला होता. जानेवारीत सकाळी तो हलायचाच नाही, दुपारी व्यवस्थित चालायचा. घरच्यांनी दोन वेळा मोटर बदलायचा विचार केला होता. बेअरिंगमध्ये कोणीतरी प्रेमानं खोबरेल घातलं होतं. ते साधारण २४ अंशांखाली गोठतं, आणि जानेवारीच्या पहाटे आपल्याकडेही पारा २० च्या आसपास उतरतो. गंज सोडवायचे फवारेही नकोत. ते आहे तेवढं तेल धुऊन नेतात, उडून जातात आणि रबरावरही बसतात.

याच वाळलेल्या ग्रीसमुळे चेंजरचा हात रुसतो: गाणं संपलं तरी परत येत नाही, किंवा मध्येच उठतो. थाळीखालचं मोठं दातेरी चाक आणि त्याच्यावरची छोटीशी सुटी पट्टी बघा. चाक धुऊन ग्रीस लावायचं, ती छोटी पट्टी मात्र पूर्ण कोरडी ठेवायची. तिला सुईच्या हाताच्या इवल्याशा धक्क्यानं हलायचं असतं, तेलाचा चिकटपणाही तिला जड होतो. ड्युअलच्या १२१९, १२२९ अशा यंत्रांत हात उचलला जातो पण तबकडीकडे सरकतच नाही. तिथे एका खुंटीवरचं मिरीएवढं रबरी टोपण विरून गेलेलं असतं. तारेच्या वेष्टणाचा बरोबर मापाचा तुकडा तिथे बसवला की यंत्र पुन्हा चालतं. लेन्को एल ७५ च्या हाताच्या टेकूतले रबरी ठोकळे असेच चुरा होतात आणि हात डगमगतो. नवे ठोकळे मिळतात, जुने चिकटवत बसू नका.

मोटर

थाळी आणि चाक काढून पुली बोटांनी फिरवा. ती मऊपणे फिरून काही सेकंद रेंगाळायला हवी. लगेच थांबत असेल तर बेअरिंग कोरडी आहेत. दांडा जिथे बाहेर येतो तिथे डिटर्जंट नसलेल्या हलक्या मशीन तेलाचे दोन थेंब घालून रात्रभर ठेवा. गाडीचं इंजिन ऑइल वापरू नका. एवढ्यानं सुधारलं तर उत्तम.

सुधारलं नाही तर थांबा. खालचं बेअरिंग मोटर उघडल्याशिवाय हाती लागत नाही. ही बेअरिंग सच्छिद्र काशाची असतात, तेल पोटात धरून ठेवतात, आणि आपापल्या खोबणीत हलून दांड्याशी सरळ रेषेत येतात. मोटर परत जुळवताना ती केसभर तिरकी बसली की पूर्वीपेक्षा जास्त घुमते आणि तापते. हे काम ज्यानं आधी केलंय त्यालाच द्या. मला स्वतःला हे नीट जमायला तीन मोटरी लागल्या, आणि त्यातली एक मी कायमची गमावली.

बेल्ट आणि डायरेक्ट ड्राइव्ह

बेल्टवाल्या यंत्रात, म्हणजे मोटर रबरी पट्ट्यानं थाळी फिरवते त्यात, काम कमी आहे. बेल्ट सैल झाला असेल तर नवा घ्या. उकळत्या पाण्यात घालून आखडवलेला बेल्ट फार दिवस टिकत नाही. काही बेल्ट दमट हवेत डांबरासारखे वितळतात. तो चिकटा पुलीवरून आणि आतल्या थाळीवरून शेवटच्या कणापर्यंत पुसला नाही तर नवा बेल्टही हलतो.

डायरेक्ट ड्राइव्हला, म्हणजे मोटर थेट थाळीला फिरवते त्या यंत्राला, रबर नाही, हर्ट्झचा प्रश्नही बहुधा नाही. वेग कमी-जास्त करायची कळ असेल तर प्लग काढून ती वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. आतला गंजाचा पापुद्रा निघतो आणि वेग स्थिर होतो. तरीही थाळी मध्येच सुसाट सुटत असेल तर दोष सर्किटमध्ये आहे. तिथे स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा.

इथे थांबायचंच

धातूच्या भागाला हात लावल्यावर मुंग्या आल्या, अगदी हलक्या जरी, तर प्लग काढा आणि ते यंत्र पुन्हा लावू नका. काही जुन्या स्वस्त वाल्वच्या पेट्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो, आतली चॅसिस (धातूचा सांगाडा) थेट मेन्सला जोडलेली असते. पावसाळ्यात ओल्या लादीवर अनवाणी उभं राहून अशा पेटीला हात लावणं जिवावर बेतू शकतं.

कळ बंद केल्यावरही मोटर हळूहळू फिरत राहत असेल, तर स्विचवरचा छोटा कपॅसिटर बहुधा खराब झालेला आहे. जुने कागदी कपॅसिटर वेष्टणाला तडे जाऊन ओल पितात, आणि एक दिवस धूर सोडतात. तिथे मेन्ससाठीच बनवलेला, एक्स-२ दर्जाचा कपॅसिटर लागतो. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या जाणत्या मिस्त्रीकडून तो बसवून घ्या. वायरीचं रबर वाकवल्यावर तडकत असेल, जळका वास येत असेल, मोटर हात ठेवता येणार नाही इतकी तापत असेल, तरीही तसंच. वेगाच्या नादात विजेशी खेळू नका.

मिस्त्रीकडे नेताना फेऱ्यांचे तिन्ही आकडे आणि लक्षणांचा कागद सोबत द्या. त्याचा अर्धा दिवस वाचतो आणि तुमचे पैसेही. थाळी काढून वेगळी गुंडाळा. स्कूटरवर हादरे बसले तर ती आपल्या वजनानं मधला दांडा आणि बेअरिंग खराब करते. सुईचा हात त्याच्या टेकूला मऊ दोऱ्यानं बांधा, सुईवर टोपण घाला. आणि घरातून निघण्यापूर्वी कळ 'बंद'वर आहे ना, ते एकदा बघून घ्या, म्हणजे रबरी चाक मोकळं राहील.